धुराचा अलार्म: पत्र्याखाली, मागाशेजारी आणि गच्चीवर

जागेपणी शेजारच्या घरातली करपलेली डाळ ओळखणारा माणूस गाढ झोपेत असला, तर खोलीत धूर साचला तरी वासाने उठेलच असं नाही. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू बिनरंगाचा आणि बिनवासाचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस जागा होण्याऐवजी हळूहळू बेशुद्धीत जातो. घरातल्या आगीत भाजून जाणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरून जाणारे जास्त असतात. झोपेत नाक थकलं तरी कान बऱ्यापैकी काम करत राहतात. धुराचा अलार्म या कानाच्याच भरवशावर बनलेला आहे.

सोलापुरात हा विषय थोडा वेगळ्या अंगाने पाहावा लागतो. इथे सूत आणि संसार अनेक ठिकाणी एकाच छताखाली असतात. खाली माग, वर बिऱ्हाड. जिन्याखाली टॉवेलचे गठ्ठे, दाराला चॅनल गेट आणि गेटला आतून कुलूप. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. मालकाचं कुटुंब आणि कामगार त्याच आवारात राहत होते. असा शेजार शहराच्या पूर्व भागात गल्लोगल्ली आहे. परदेशी कंपनीच्या खोक्यातल्या कागदावर दिलेली अलार्म लावायची जागा या घरांना जशीच्या तशी लागू पडत नाही. पत्रा, पंखा, रुई आणि फोडणी यांचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

आत काय असतं

माळवदाच्या झरोक्यातून कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ त्यात चमकते. फोटोइलेक्ट्रिक अलार्म याच तत्त्वावर चालतो. आत एक काळी, अंधारी पोकळी असते. एका बाजूने छोटा दिवा ठरावीक वेळाने क्षणभर लुकलुकतो. प्रकाश टिपणारा सेन्सर मुद्दाम तिरक्या कोनात बसवलेला असतो, म्हणून एरवी त्याला हा प्रकाश दिसत नाही. धुराचे कण आत शिरले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो.

दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी सूक्ष्म अंश असतो. भडकन पेटणारी आग तो लवकर पकडतो, पण ज्वाळा नसलेल्या धुमसत्या आगीला उशिरा जागा होतो. आपल्या घरांत धोका धुमसणाऱ्या सुताचा जास्त असतो. डासांच्या कॉइलचा निखारा पलंगावरून लोंबणाऱ्या सुती चादरीला लागतो, गादीतला कापूस ज्वाळेशिवाय तासन् तास आतल्या आत जळत राहतो आणि खोली धुराने भरते. त्यामुळे घरासाठी फोटोइलेक्ट्रिकच घ्यावा.

दुकानात फसायला होतं ते इथे

‘स्मोक डिटेक्टर’ मागितला की बरेचदा हॉटेल-हॉस्पिटलच्या छतावर असतो तो पांढरा गोल हातात पडतो. तो स्वस्त असतो, दिसायलाही तसाच असतो, पण स्वतः वाजत नाही. त्याला २४ व्होल्टचं पॅनल लागतं. धूर आला की तो पॅनलला कळवतो आणि भोंगा पॅनल वाजवतं. पॅनलशिवाय छताला लावला तर तो नुसती शोभा. ओळखायची खूण सोपी आहे. घरगुती अलार्मला बॅटरीचा कप्पा किंवा आत कायमची बंद केलेली बॅटरी असते, तपासणीचं बटण असतं आणि आवाज बाहेर पडायला जाळी असते. खोक्यावर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ हे मानक छापलेलं असतं. दुकानातच बटण दाबून घ्यावं. कान किटतील असा आवाज यायला हवा, कारण मानकाप्रमाणे तीन मीटरवर सुमारे ८५ डेसिबल अपेक्षित असतात.

मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख पाहावी. अलार्मचं आयुष्य त्या तारखेपासून दहा वर्षं धरतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेल्या अलार्मची सातच उरली. दहा वर्षं चालणारी लिथियम बॅटरी आतच असलेला मिळाला तर तोच घ्यावा. नऊ व्होल्टची सुटी बॅटरी दरवर्षी बदलावी लागते, आणि मुलांच्या खेळण्यातली बॅटरी संपली की नेमकी तीच काढली जाते. वीज गेल्याने बॅटरीवरच्या अलार्मला काहीच फरक पडत नाही.

‘धूर आणि गॅस दोन्ही ओळखतो’ असं सांगून विकलं जाणारं एकच यंत्र घेऊ नका. धूर गरम असतो, वर जातो. टाकीतला एलपीजी हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो. एक यंत्र एकाच वेळी छताला आणि जमिनीजवळ कसं लावणार? एलपीजीचा सेन्सर वेगळा घ्यावा आणि जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर लावावा. त्याला सतत वीज लागते, हेही ध्यानात असू द्या.

जागा ठरवणं

निदान एक अलार्म झोपायच्या खोलीत आणि एक खोलीबाहेर जिन्याच्या किंवा बोळाच्या तोंडाशी हवा. घर मजल्यांचं असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. स्लॅबच्या घरात छतालाच लावलेला उत्तम. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडून राहते, धूर तिथे उशिरा पोचतो. म्हणून छतावर लावताना भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर आत यावं. भिंतीवर लावायचा तर त्याची वरची कड छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली ठेवावी.

आता पंखा. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून ९० सेंटिमीटरच्या आत अलार्म लावत नाहीत, कारण पंखा धूर पातळ करतो आणि अलार्मच्या तोंडावरून उडवून लावतो. दहा बाय दहाची खोली घ्या. मधोमध १२०० मिलिमीटरचा पंखा, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक ६० सेंटिमीटरवर. त्यात ९० मिळवले की १५० झाले, आणि मध्यापासून भिंत आहेच जेमतेम १५२ सेंटिमीटरवर! सरळ रेषेत जागा उरतच नाही. पण कर्णावर उरते. दोन्ही भिंतींपासून ४०-४० सेंटिमीटर आत येऊन कोपऱ्याच्या बाजूला छतावर खूण करा. तिथून पात्याचं टोक ९८ सेंटिमीटरवर पडतं. कूलरचा झोत येतो तो कोपरा सोडून दुसरा निवडा. कूलरचा वारा धूर ढकलतोच, वर त्याची ओल आणि धूळ अलार्मच्या पोकळीत जाऊन बसते.

पत्र्याच्या घरात मात्र छताला लावू नका. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा पत्र्याचा खालचा थर त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. बहुतेक घरगुती अलार्म ३८ ते ४५ अंशांपर्यंतच नीट चालतील अशा बेताने बनवलेले असतात. नेमका आकडा खोक्यावर असतो. त्यापलीकडे बॅटरी लवकर खराब होते आणि अलार्म उगाच वाजतो किंवा गप्प होतो. दुसरी अडचण सहसा कुणी सांगत नाही. तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो. धुमसत्या आगीचा धूर फारसा गरम नसतो, तो त्या थराला भेदून वर जात नाही, खालीच पसरतो. त्यामुळे पत्र्याच्या घरात आतल्या, उन्हाने न तापणाऱ्या भिंतीवर, पत्र्याच्या टेकणीपासून सुमारे ३० सेंटिमीटर खाली लावावा. पश्चिमेची भिंत टाळावी, दुपारनंतर ती भट्टी होते.

स्वयंपाकघराचं काय? शेगडीपासून निदान तीन मीटर अंतर हवं. शेंगदाण्याच्या चटणीसाठी दाणे भाजणं, मिरचीची फोडणी, भाकरीचं पीठ तव्यावर करपणं, यातल्या कशानेही फोटोइलेक्ट्रिक अलार्म वाजेल. त्याचं ते कामच आहे. चार वेळा असा वाजला की पाचव्या वेळी कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढतं आणि ती परत बसत नाही. खरी भीती या गोष्टीची आहे. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेचा अलार्म लावावा. तो साधारण ५७ अंशांना वाजतो. काही नमुने तापमान मिनिटाला आठ-नऊ अंशांनी चढलं तरी वाजतात. फोडणीच्या ठसक्याने तो हलत नाही, कढईने पेट घेतला की वाजतो. पत्र्याच्या स्वयंपाकघरात त्यालाही भिंतीवरच घ्या, नाहीतर मेच्या दुपारी पत्राच त्याला वाजवेल.

एकाच खोलीत चूल आणि अंथरूण असेल तर शेगडीच्या टोकाला उष्णतेचा आणि झोपायच्या टोकाला धुराचा अलार्म लावावा. धुराच्या अलार्मला ‘गप्प’ बटण आहे ना ते पाहून घ्या. ते दाबलं की काही मिनिटं तो शांत राहतो आणि मग आपोआप पुन्हा जागा होतो. देवघरातली उदबत्ती लांबून चालते. धूप घालायचा तर खिडकी उघडून.

खाली माग, वर घर

मागाच्या खोलीत धुराचा अलार्म टिकत नाही. हवेत उडणारे सुताचे बारीक तंतू आठवड्याभरात त्याच्या पोकळीत शिरतात. अलार्मला ते तंतू आणि धूर सारखेच दिसतात. त्यामुळे तो रोज वाजतो, नाहीतर जाळी बुजून बहिरा होतो. तिथे उष्णतेचाच अलार्म हवा. पण हा अलार्म उशिरा जागा होतो, कारण त्याला आग चांगली तापेपर्यंत कळत नाही. तोवर जिना धुराड्यासारखा धूर वर ओढायला लागलेला असतो. म्हणून दुसरा अलार्म, धुराचा, जिन्याच्या वरच्या तोंडाशी लावायचा, आणि दोन्ही बिनतारी जोडणीचे घ्यायचे. खालचा वाजला की वरचाही वाजला पाहिजे. जोडणी झाल्यावर खालचं बटण दाबून, सगळी दारं लावून, वर उशीशी आवाज येतो का ते ऐकावं. मध्ये स्लॅब असेल तर काही वेळा सिग्नल पोचत नाही, तेव्हा जिन्यात तिसरा लावावा.

मागावर आणि वायरवर बसलेली रुई ही इथली मुख्य चूड. ती इतकी विरळ असते की एका ठिणगीने खोलीभर आग पळत जाते. मोटारीच्या कव्हरवरची, बोर्डाच्या आतली, ट्यूबलाइटच्या पट्टीवरची रुई पाळी संपल्यावर काढावी. मेन बंद करून, ब्रशने किंवा व्हॅक्युमने. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली तर ती बोर्डातच जाऊन बसते. सुताच्या गठ्ठ्यांची आग वेगळी असते. वरून विझल्यासारखी दिसते, आत धुमसत राहते आणि काही तासांनी पुन्हा भडकते. विझवलेला गठ्ठा बाहेर उघड्यावर न्यायचा, फोडायचा आणि आतपर्यंत भिजवायचा.

जिन्यात गठ्ठे रचू नयेत. जागा नसते हे खरं आहे, तरीही. इलेक्ट्रिक दुचाकीची बॅटरी जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावणंही तितकंच वाईट. लिथियम बॅटरी बिघडली की मिनिटभरात भडकते आणि ज्या वाटेने बाहेर पडायचं तीच वाट बंद होते.

देखभाल

महिन्यातून एकदा बटण दाबावं. महिन्याची पहिली तारीख लक्षात राहते. उदबत्ती धरून तपासू नका, चिकट काजळी आत बसते. बटण बॅटरी, भोंगा आणि सर्किट तपासतं, पण जाळी बुजली आहे का ते सांगत नाही. म्हणून कडेच्या फटी मऊ ब्रशने साफ कराव्यात. घरासाठी सहा महिन्यांतून एकदा पुरतं, मागाशेजारच्या घरात दर महिन्याला. कोळी आणि बारीक किडे आत घर करतात, तेही उगाच वाजण्याचं नेहमीचं कारण. पाणी किंवा साबण लावायचा नाही. दिवाळीआधी रंगकाम करताना अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि त्याच संध्याकाळी सोडावी. पिशवी तशीच राहिलेले अलार्म पुष्कळ असतात. अलार्मवर रंग मारू नये.

मिनिटाला एक-दोनदा ‘टिक्’ असा बारीक आवाज येऊ लागला तर बॅटरी संपत आली आहे. बॅटरी आतच बंद असेल तर अख्खा अलार्म बदलायचा.

वाजल्यावर

फोमची गादी, सोफा, प्लास्टिकची खुर्ची असलेल्या खोलीत एकदा ज्वाळा उठली की तीन ते पाच मिनिटांत अख्खी खोली पेटू शकते. अलार्म मिळवून देतो ती एवढीच मिनिटं. ती कुठे जातात याचा अंदाज घ्यायचा असेल तर एका रात्री दिवे बंद करून अंथरुणातून उठा, गेटपर्यंत जा आणि कुलूप उघडून बाहेर या. किल्ली कुणाच्या उशाखाली आहे, कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, चॅनल गेट कुठे अडतं, सगळं कळेल. रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली गेटाजवळच्या खिळ्याला हवी. बाहेरून हात पोचणार नाही, पण घरातल्या मुलाला अंधारात सापडेल अशी. आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवली तर आणखी बरं. खिडक्यांना पक्की जाळी असेल तर निदान एका खिडकीचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याला ते अवघड नसतं.

उन्हाळ्यात निम्मं घर गच्चीवर झोपतं आणि आजी-आजोबा खाली कूलरशी. अशा वेळी जिन्याच्या खोलीत, सावलीत, खालच्या अलार्मशी जोडलेला एक अलार्म हवा. खाली आग असेल तर गच्चीवरून जिन्याने उतरू नये, तिथेच सगळा धूर असतो. पेठांमध्ये घरं एकमेकांना खेटून आहेत; शेजारच्या गच्चीवर कुठून जायचं हे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. खाली झोपलेल्यांना कोण उठवणार तेही आधीच ठरलेलं असावं. लहान मुलं या आवाजाने उठतीलच असं नसतं, आणि ज्येष्ठांना साधारण ३००० हर्ट्झचा हा तीक्ष्ण आवाज ऐकू येईलच याची खात्री नसते. मुलांना आणि म्हाताऱ्यांना हलवून उठवायचं.

दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू दाराला लावून पाहा. गरम असेल तर उघडू नका. धुरात रांगत निघा, खाली हवा जरा बरी असते. बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्या. बंद लाकडी दारही धुराला काही मिनिटं थोपवतं. ओला रुमाल काजळी अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, त्याच्या भरवशावर पुन्हा आत जाऊ नका. अडकलातच तर दार लावा, फटीत ओली चादर कोंबा आणि खिडकीशी या.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. पाणी जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं आणि एका लिटरची सुमारे १७०० लिटर वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत ठेवा आणि निदान अर्धा तास उचलू नका. विझवण्याचं नळकांडं घ्यायचं तर एबीसी पावडरचं, दोन किंवा चार किलोचं, आयएस १५६८३ छापलेलं. काटा हिरव्यात हवा. ते दाराजवळ टांगा. शेगडीच्या वर टांगलं तर आगीत हात घालून काढावं लागेल. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, आडवं झाडल्यासारखं फिरवा. ते जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालतं. आग त्यात विझली नाही तर बाहेर पडा.

गॅसचा वास आला, आग नाही, तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, पंख्याचंही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. दहा बाय दहाच्या खोलीत स्फोटाइतकं मिश्रण व्हायला १४.२ किलोच्या टाकीतला साधारण सव्वा किलो गॅस पुरतो, आणि तो जमिनीलगत साचला तर त्याहून कमी. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, लांबी दीड मीटरपर्यंत. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं.

विजेबद्दल एकच गोष्ट. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, वारंवार पडतो म्हणून वायरमनला मोठा बसवायला सांगू नका. एमसीबी वायरला वाचवतो: दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला १० अँपिअर, अडीचला १६. त्याजागी ३२ चा बसवला की एमसीबी पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापू लागते. सैल झालेला स्क्रू मात्र कोणताच एमसीबी ओळखत नाही. काळपट पडलेला सॉकेट, जळका वास, हाताला गरम लागणारा प्लग दिसला की ते बोर्ड त्याच दिवशी उघडायचं.

अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन बाहेर पडल्यावर करा. आधी पत्ता, मग बाकीचं: जोडभावी पेठ की साखर पेठ, विडी घरकुलात असाल तर ग्रुप कोणता, जवळचा चौक कोणता, खाली माग आणि सूत आहे का, गॅसच्या टाक्या किती, आत कुणी अडकलंय का. गाडी गल्लीत शिरणार नसेल तर तेही लगेच सांगा आणि एकाला चौकात उभं करा. भाजलेल्याच्या अंगावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीचं कापून तसंच दवाखान्यात न्या.